हुमणातला नारळ अर्धा केला आणि घरात असहकार सुरू झाला

पेडण्याची_पोर | रविवार, दुपारी ३:१०
नमस्कार मंडळी. खूप वर्षं नुसती वाचक होते, आज धागा काढायची पाळी आलीये. गेल्या महिन्यात बाबांचा रक्ताचा रिपोर्ट आला, कोलेस्टेरॉल वर आणि ट्रायग्लिसराईड त्याच्याही वर. डॉक्टर म्हणाले तेल, तूप, नारळ कमी करा. मी म्हटलं त्यात काय मोठं. एका नारळाचं हुमण (आमची नारळातली माशांची आमटी) व्हायचं ते अर्ध्याचं केलं. बाकी मिरच्या त्याच, तिरफळं तीच, सोलं (आमसुलं) तीच, बांगडेसुद्धा नेहमीच्याच बायकडचे. बाबांनी पहिला घास घेतला, वाटीत बोट बुडवून वर धरलं, थेंब पडताना बघितला आणि म्हणाले, "आज नळाला हुमण आलंय काय गो?"

राग आला, पण मग मी चाखून बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. तिखट थेट घशाला लागत होतं, आंबट वेगळं, हळद वेगळी, सगळे जण भांडून चार कोपऱ्यांत बसल्यासारखे. रस भाताला धरतच नव्हता, खाली ताटात पाणी जमा. नारळ अर्धा केला तर चव अर्धी व्हावी ना, ही तर भलतीच आमटी झाली.

त्याच आठवड्यात एअर फ्रायरमध्ये नीरफणसाची कापं केली. रवा पांढराच्या पांढरा, दाताखाली वाळू. आईने एक खाल्लं आणि उरलेली शेजारच्या कुत्र्याला नेऊन दिली. त्याने वास घेतला नि निघून गेला.

तर प्रश्न असा की फॅट कमी केलं की नेमकं काय बिघडतं, आणि चव न घालवता कुठे कमी करता येतं? अनुभव सांगा. "वॉक करा" सांगू नका, तो धागा वेगळा आहे.

सोलकढी_वीर | रविवार, दुपारी ३:२५
नळाला हुमण!! हसून हसून पुरेवाट. बाबांना दंडवत कळवा.

मडगावकार_बाब | रविवार, दुपारी ३:४०
कुत्र्याने पण नाकारलं म्हणजे विषय गंभीर आहे. खुर्ची घेऊन बसलो.

म्हापशेकार | रविवार, संध्या. ५:०५
माझा किस्सा ऐक. बायकोने मला डाएटवर ठेवलं तेव्हा मी फार हुशारी केली. रात्री हुमण फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी वर केशरी रंगाची जाड साय जमलेली, नारळाचं तेल गारठलं की घट्ट होतं ना, थंडीत बाटलीत होतं तसं. मी चमच्याने ती साय कडेकडेने उचलून अख्खीच्या अख्खी काढली, म्हटलं झालं, फॅट गेलं आणि हुमण राहिलं. गरम केलं. खाली राहिलं होतं फिकट पिवळं तिखट पाणी आणि त्यात दोन बिचारे बांगडे. रंग सायीबरोबर गेला, वास सायीबरोबर गेला. ती साय मी सिंकमध्ये टाकली होती, तर अख्ख्या सिंकला हुमणाचा सुंदर वास.

म्हणजे चव त्या तेलातच होती. हे कळायला अर्धा किलो बांगडे गेले.

प्रयोगशाळेतला_उंदीर | रविवार, रात्री ९:५०
फूड टेक्नॉलॉजी शिकलोय म्हणून थोडं चऱ्हाट लावतो, कंटाळा आला तर खाली सरका.

म्हापशेकार, तुम्ही केलात तो प्रयोग आम्हाला प्रॅक्टिकलला लावला पाहिजे. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन, तेही तेलातलंच. तिरफळ, धणे, मिरी यांचे वास बहुतेक तेलाशी सलगी करणारे. नारळाचा स्निग्धांश असला की हे सगळं त्याच्यात शिरून बसतं आणि जिभेवर हळूहळू सुटतं, म्हणून घास गिळल्यावरही चव मागे रेंगाळते. तो काढला की कॅप्सेसिन थेट जिभेवर, आणि वासाचे रेणू पाण्यात टिकत नाहीत ते भप्पकन उडून जातात. वाढताना घरभर घमघमाट आणि तोंडात काहीच नाही, असं झालं असेल बघा.

आता पोरीचा अर्ध्याचा हिशेब. हुमणाचं वाटप (वाटलेला नारळ-मसाला) आपण गाळत नाही, त्यामुळे त्यात चोथाही असतो आणि तेलाचे बारीक थेंबही. दोन्ही दाटीवाटीने असले की एकमेकांना अडतात आणि रस जाड लागतो. गर्दी अर्धी केली की जाडपणा अर्धा होत नाही, एकदम पडतो. शनिवारच्या म्हापशाच्या बाजारात शुक्रवारपेक्षा अर्धी माणसं असली तर तुम्ही अर्ध्या वेळात नाही, सुसाट बाहेर पडता. तसंच.

ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साधारण ३३ ग्रॅम स्निग्धांश असतो. ग्रॅमला ९ कॅलरी, पिठा-साखरेला ४. त्यामुळे डॉक्टर चूक नाहीत. आणि नारळातली चरबी बहुतेक सगळी संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणून कोलेस्टेरॉल वर असलं की आधी नारळावर बोट ठेवतात.

पेडण्याची_पोर | रविवार, रात्री १०:१५
उंदीरभाऊ, घरात भप्पकन वास आला होता हे खरंच! मी तर खूश झाले होते की काय मस्त जमलंय.

घाटावरची_सून | सोमवार, सकाळी ११:२०
मी मूळची कोल्हापूरची, लग्न करून फोंड्यात आले. आमच्याकडे मिसळीवर कट नसला की माणूस हॉटेल बदलतो. सासूबाई मात्र तेल अगदी हात राखून घालायच्या, मला वाटायचं कंजूषपणा. पुढे कळलं की त्यांना तेलाची गरजच नाही, सगळा नारळ आहे की! तुम्ही गोवेकर लोक "आम्ही तेल खात नाही" म्हणता आणि रोज एक नारळ फोडता. हलके घ्या.

एकदा पाण्यावरची फोडणी करून बघितली, मोबाईलवर कुणीतरी दाखवलं होतं. मोहरी तडतडलीच नाही, नुसती पोहत राहिली. जिरं उकडलं. हिंगाचा वास कच्चा. ती आमटी नवऱ्याने गपचूप खाल्ली आणि संध्याकाळी भाजी-पाव खाऊन आला.

प्रयोगशाळेतला_उंदीर | सोमवार, दुपारी १:३०
पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही ताई, मोहरीला त्याच्या बरंच वर लागतं. फोडणी कमी तेलात करायची तर तेल कमी करा पण भांडंही लहान घ्या. एक चमचा तेल कढईत पसरलं की करपतं, तेच लोखंडी पळीत खोल राहतं आणि मोहरी त्यात बुडते. आणि ती फोडणी सुरुवातीला न घालता शेवटी वरून ओता. वास वरच राहतो, जिथे नाक आहे.

खापरपणजोबा | सोमवार, दुपारी ४:००
काय हे नवीन खूळ. आमच्या आजोबांनी आयुष्यभर दोन्ही वेळ नारळ, तूप, तळलेली मासळी खाल्ली आणि ८८व्या वर्षी गेले, तेही झोपेत. फॅट कमी केलेलं जेवण हे जेवण नव्हे, ती शिक्षा आहे. बाबांना सुखाने जेवू दे गो.

तिरफळ | सोमवार, संध्या. ६:४५
@खापरपणजोबा, आजोबा दिवसभरात काय काय करायचे तेही लिहा की. माझे आजोबा कुळागरात (नारळ-पोफळीच्या बागेत) सकाळी सहाला जायचे ते दुपारी जेवायला यायचे. आम्ही नारळ पाडायलासुद्धा पाडेल्याला फोन करतो आणि तो आला नाही म्हणून ऑनलाईन मागवतो. दुसरं म्हणजे रोज तळण कुठे होतं? आजीकडे तेलाची एक बाटली महिनाभर पुरायची, मासळी तव्यावर चमचाभर तेलात भाजली जायची, आणि कढईभर तेल चढायचं ते चवथीला (गणेश चतुर्थीला) नि दिवाळीला. आपण सणाचं जेवण रोज जेवतो आणि आजोबांच्या नावाने खपवतो.

खापरपणजोबा | सोमवार, संध्या. ७:१०
माझे आजोबा पोस्टात होते. बसून काम. बाकी मुद्दा विचारात घेतो.

काजूगर | मंगळवार, सकाळी १०:००
चवथीचं नाव निघालं म्हणून आमच्या नेवऱ्यांचं (करंज्यांचं) दुःख मांडते. मागच्या चवथीला माझ्या जावेने "हेल्दी" नेवऱ्या केल्या. मोहन जवळजवळ नाहीच, आणि तळायच्या ऐवजी ओव्हनमध्ये. दिसायला इतक्या सुरेख की फोटोला शंभर लाईक. खायला घेतली तर आधी वाकली, मग तुटली, ती सुद्धा तिच्या मर्जीने. काठ म्हणजे खापर. भावोजींची दाढ हलली असं ते अजून सांगतात. जाऊबाई म्हणतात ओव्हनचा दोष, मी म्हणते मोहनाचा. उंदीरभाऊ निकाल द्या, पुढची चवथ आमच्याकडेच आहे.

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, दुपारी २:१५
दोघी बरोबर, पण मोठा गुन्हेगार मोहन.

मैद्यात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांचे हात धरून साखळी करतात, ती ताणते, चिवट होते. पावाला, पोयला ती हवीच. नेवरीला नको. गरम तूप आधी पिठाला चोळलं की कणाकणाला अंगरखा बसतो, पाणी आत नीट पोचत नाही, साखळ्या आखूड राहतात. आखूड म्हणजे खुसखुशीत. मूठ वळून बघतात ना, पीठ मुठीत राहिलं पाहिजे आणि बोट लावलं की सुटलं पाहिजे, ती हीच परीक्षा. तेव्हा नेवरीत तूप चवीला नाही, वेगळं ठेवायच्या कामाला आहे. हुमणात वास धरायच्या कामाला. एकच फॅट, पण प्रत्येक भांड्यात नोकरी वेगळी. म्हणून "सगळीकडे निम्मं करा" हा सल्ला कुठे चालतो नि कुठे तोंडावर पडतो.

ओव्हनचं म्हणाल तर तेल उष्णता चारही बाजूंनी आणि पटकन देतं, गरम हवा हळू देते, तोवर कवच वाळत बसतं. कापांचा रवा पांढरा राहिला तोही याचमुळे. कोरडा रवा हवेने भाजत नाही, त्याला थोडं तरी तेल पाहिजे. कापांना आधी मीठ-तिखट लावून पाणी सुटू द्या, रव्यात घोळवा, मग बोटांनी तेल पुसल्यासारखं दोन्हीकडून लावा. चार कापांना एक लहान चमचा पुरे. तळलेल्यासारखी होणार नाहीत पण कुत्रा थांबेल.

मडगावकार_बाब | मंगळवार, दुपारी २:४०
"कुत्रा थांबेल" हे कुकिंगचं नवीन मोजमाप. अर्धा चमचा म्हणजे कुत्रा वळून बघेल.

साळगावचो_बेकर | मंगळवार, रात्री ८:३०
बेबिंक, आपला थराथरांचा गोड केक, कुणी काढलंच नाही अजून? आमच्या वाड्यावर एक आंटी नाताळला करतात. नारळाचा दाट रस, अंड्याची पिवळी, साखर, थोडा मैदा, जायफळ, आणि प्रत्येक थराला चमचाभर तूप. एक थर वरून निखाऱ्याच्या धगीने तांबूस झाला की तूप सोडायचं, मग दुसरा ओतायचा. अख्खा दिवस जातो. एका वर्षी त्यांच्या मुलीने परदेशातून येऊन आईला समजावलं की मम्मा एवढं तूप नको. थरामधलं तूप पुसण्यापुरतं केलं, नारळाचा रस पातळ घेतला. मी तिथे होतो कापताना. सुरी लावली तर थर सुटेनात. बेबिंकाची मजा काय, एकेक थर पाकळीसारखा सोलून खायचा. इथे सगळे एकमेकांना चिकटून एक तपकिरी वीट झालेली, दाबली तर परत वर येणारी. आंटी काही बोलल्या नाहीत. नुसतं त्या तुकड्याकडे बघितलं आणि ताट आत नेलं. पुढच्या वर्षीपासून तूप पूर्वीएवढंच, तुकडा मात्र बोटभर.

घाटावरची_सून | मंगळवार, रात्री ९:००
दाबली तर परत वर येणारी वीट म्हणजे माझं लो फॅट पनीर! नाव घेत नाही पण पॅकेटवर मोठ्ठं हिरवं पान होतं. चावलं की दाताखाली च्यूक च्यूक आवाज यायचा. मुलगा म्हणाला आई खोडरबर का घातलंस भाजीत.

प्रयोगशाळेतला_उंदीर | मंगळवार, रात्री १०:२०
पनीरमध्ये प्रथिनांचं जाळं असतं आणि मध्ये मध्ये चरबीचे गोळे, ते जाळ्याला घट्ट मिटू देत नाहीत. गोळे काढले की जाळं आवळतं, झालं खोडरबर. नियमाने साध्या पनीरात कोरड्या वजनाच्या निम्मी तरी चरबी असावी लागते, लो फॅटमध्ये त्याहून कितीतरी कमी. फरक केवढा तो बघा.

दह्याचंही तेच. फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५. डबल टोन्डचं दही लावलं की पाणी सुटतं आणि आंबटपणा पुढे येतो. त्यात चमचाभर दुधाची पावडर घालून लावा, बराच फरक पडतो. बाजारातल्या फळवाल्या लो फॅट दह्याचं पाकीट मात्र उलटं करून साखर वाचा. एका दारातून तूप गेलं आणि दुसऱ्यातून साखर आली, असं पुष्कळदा असतं.

अवांतर: अमेरिकेत १९९६ साली ओलेस्ट्रा नावाच्या बनावट चरबीला चिप्ससाठी परवानगी मिळाली होती. तोंडात तेलासारखी, पोटात पचतच नाही, त्यामुळे कॅलरी शून्य. पण जाताना अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं सोबत घेऊन जायची, म्हणून ती वरून घालावी लागत. आणि काहींच्या पोटाची जी अवस्था व्हायची त्याबद्दल पाकिटावर इशारा छापायला लागायचा.

सोलकढी_वीर | मंगळवार, रात्री १०:३५
पचतच नाही म्हणजे शून्य कॅलरी आणि वीस फेऱ्या. व्यायामही झाला.

म्हापशेकार | बुधवार, सकाळी ९:१५
थोडं उलट बाजूचं. सवय होते हो. आमच्याकडे दोन वर्षांपासून टोन्ड दूध आहे, पहिला महिना चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. आता बहिणीकडे म्हशीच्या दुधाचा चहा घेतला की ओठाला चिकटतो. पण हुमणाची सवय अजून झाली नाही, होणारही नाही असं दिसतं. मला वाटतं जे आपण चवीसाठी खात नाही, नुसतं सवयीने पितो, तिथे कमी केलेलं खपतं.

प्रयोगशाळेतला_उंदीर | बुधवार, सकाळी ९:५०
आणि पोरी, एक राहिलंच. ट्रायग्लिसराईड नुसत्या नारळाने वाढत नाहीत. भाताचा डोंगर, गोड आणि संध्याकाळचा पेग, तिघंही त्यात आहेत. विचारून बघ.

पेडण्याची_पोर | बुधवार, सकाळी १०:०५
विचारलं. "उर्राक सीझनपुरताच" असं काजूच्या दारूबद्दल उत्तर आलंय. सीझन संपून तीन महिने झाले, घरात बाटली आहे.

तिरफळ | बुधवार, दुपारी १२:३०
मला या सगळ्यात एक कळत नाही. नारळाचं हुमण नारळ कमी करून का करायचं? आपल्याकडे बिननारळाचे पदार्थ काय कमी आहेत? आंबोट-तीख घ्या. मिरची, आंबट, लसूण, मिरी, नारळ नाहीच. ते पातळ आणि झणझणीतच असायचं म्हणून जन्माला आलंय, कुणी ताटात "पाणी आहे" म्हणत नाही. सोलकढीत नारळ कमी केला की ते बिघडलेलं कोकम सरबत होतं, त्यापेक्षा सरळ फुटी कढी करा, सोलं, हिंग, जिरं, कोथिंबीर, नारळाचा थेंब नाही आणि भातावर काय लागते! बांगडा निखाऱ्यावर नुसता मीठ लावून भाजा, त्याचीच चरबी सुटून सालीला लागते, वर तेल कशाला. पावसाळ्यानंतर तारली येते तिला तर तव्यावर तेल घातलं की तीच तुम्हाला हसते.

अर्धवट हुमण खाऊन रोज दुःखी होण्यापेक्षा तीन दिवस हे आणि रविवारी अख्ख्या नारळाचं, पण एक वाटी. आमच्याकडे नवऱ्याच्या रिपोर्टनंतर असंच चालू आहे.

खापरपणजोबा | बुधवार, दुपारी १:००
पहिल्यांदा या धाग्यावर कुणीतरी शहाणं बोललं. +१.

काजूगर | बुधवार, दुपारी १:२०
फुटी कढी विसरूनच गेले होते! आजी तापात द्यायची. आज रात्री करते. आणि बाजारात नारळाचा भाव बघता डॉक्टरच्या आधी खिशानेच सांगितलं असतं.

साळगावचो_बेकर | बुधवार, दुपारी ३:००
तिरफळशी सहमत, फक्त एक भर. आंबोट-तीख शिळं जास्त चांगलं लागतं. नारळाचं हुमण तसं नाही.

म्हापशेकार | बुधवार, दुपारी ३:१०
शिळं हुमण जास्त चांगलंच लागतं, साय न काढता. यावर वेगळा धागा काढू का?

मडगावकार_बाब | बुधवार, दुपारी ३:१२
नको. मागच्या वेळी "शिळं हुमण की ताजं" वर १८० प्रतिसाद झाले होते आणि दोन आयडी कायमचे गेले.

पेडण्याची_पोर | पुढचा सोमवार, रात्री ९:४०
अपडेट द्यायला आले, उशीर झाला. गुरुवारी मोरीचं (लहान शार्क माशाचं) आंबोट-तीख केलं. बाबा काही न बोलता दोनदा भात घेऊन जेवले. (भाताचं पुढच्या महिन्यात बघू.) शनिवारी फुटी कढी, आईला तिच्या माहेरची आठवण आली. कापं उंदीरभाऊंनी सांगितल्यासारखी, तेल पुसून. पूर्ण तळल्यासारखी नाहीत पण तांबूस झाली, कडेला कुरकुरीत. कुत्र्याने खाल्ली, नोंद घ्यावी.

आणि काल रविवारी अख्ख्या नारळाचं हुमण. वाटप अगदी मऊ गंध करून घेतलं, बांगड्यांना वरून तिरफळं ठेचून. मी आधीच सांगितलं की बाबा, आठवड्यातून एकदा आणि फक्त एक वाटी. ते म्हणाले, "बरं, एक वाटी." शांतपणे उठले, आत गेले, कपाटाच्या वरच्या फळीवरून आजोबांची काशाची वाटी काढली, पुसली आणि घेऊन आले. तिच्यात अर्धा टोप मावला.

सोलकढी_वीर | सोमवार, रात्री ९:४५
नियम पाळला. एकच वाटी.

तिरफळ | सोमवार, रात्री ९:५८
ती वाटी आता फळीवर नको ठेवूस गो, देव्हाऱ्यात ठेव. तिथून काढायला त्यांना जड जाईल.

घाटावरची_सून | सोमवार, रात्री १०:१०
मोरीच्या आंबोट-तिखाची कृती टाका ना कुणीतरी, मोरीला वास येऊ नये म्हणून काय करता? आमच्याकडे सासूबाई सांगत नाहीत, नुसतं "हाताला कळतं" म्हणतात.